ट्रायथलॉनसाठी पोहणे : गोव्यातील नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर २०१९ मध्ये मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ ही शर्यत पहिल्यांदा झाली आणि तेव्हापासून गोव्यात, तसेच शेजारच्या सिंधुदुर्ग, बेळगाव, कोल्हापूर भागांत ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे लागोपाठ करायच्या शर्यतीची, तयारी करणाऱ्यांची संख्या वाढत गेली. यांतील बहुतेक जण धावण्याकडून किंवा सायकलकडून या खेळाकडे वळलेले असतात आणि पोहण्यापाशी अडतात. पुढील प्रश्न अशाच मंडळींनी तलावाच्या काठावर आणि मिरामारशेजारच्या करंझाळेच्या वाळूत पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत.

मी लहानपणापासून नदीत आणि गावच्या तळीत पोहत आलो आहे. मला पुन्हा शिकण्याची गरज आहे का?

बहुधा आहे, आणि हे ऐकून वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. पाठीला सुक्या नारळांची जोडी बांधून पोहायला शिकलेल्या माणसाकडे एक मोठी ठेव असते, ती म्हणजे ठाव नसलेल्या पाण्याची भीती त्याला नसते. ही ठेव शहरातील तलावात शिकलेल्या अनेकांकडे नसते आणि समुद्रात उतरताना ती लाखमोलाची ठरते. परंतु गावातील पोहणे म्हणजे डोके वर ठेवून, समोर पाहत, हात आपटत पंधरा-वीस मीटरचे पात्र पार करणे होय. तेवढ्या अंतराला ती रीत पुरते. आयर्नमॅन ७०.३ मधले १,९०० मीटर तसे पोहायचे ठरवले, तर मान आखडते, कंबर खाली जाते आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला दम संपतो.

अनुभव असा आहे की, अजिबात न येणाऱ्याला शिकवणे जितके सोपे जाते, तितके अर्धवट येणाऱ्याला शिकवणे सोपे जात नाही. त्याचे शरीर जुन्या सवयीकडे धाव घेते, विशेषतः थकल्यावर. म्हणून अशा व्यक्तीने पहिले तीन-चार आठवडे अंतराचा विचार पूर्णपणे बाजूला ठेवावा आणि फक्त २५-२५ मीटरच्या फेऱ्यांमध्ये डोके पाण्यात ठेवून पोहण्याची सवय लावावी. स्वतःला नवशिका म्हणवून घेण्याची तयारी असेल, तर पुढचे काम जलद होते.

शर्यतीत नेमके किती अंतर पोहावे लागते आणि किती वेळात?

स्प्रिंट प्रकारात ७५० मीटर, ऑलिंपिक अंतरात १,५०० मीटर, ७०.३ मध्ये १.९ किलोमीटर आणि पूर्ण आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटर. ७०.३ हा आकडा मैलांचा असून पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे या तिन्हींची ती बेरीज आहे. १.९ किलोमीटर पोहण्यासाठी साधारणतः ७० मिनिटांची मुदत असते. ती ओलांडणाऱ्याला पुढे सायकलवर जाऊ दिले जात नाही.

या मुदतीचा हिशेब दर १०० मीटरना सुमारे ३ मिनिटे ४० सेकंद असा पडतो. तलावात हा वेग फार संथ वाटतो आणि तेथेच फसगत होते. समुद्रात लाट असते, काठाला पाय लावून घेतलेली ढकल नसते आणि रेषा चुकल्यामुळे १,९०० मीटरचे सहज २,००० मीटर होतात. तलावात न थांबता दर १०० मीटरना तीन मिनिटांच्या आत पोहता येत असेल, तरच मुदतीची काळजी सोडावी.

क्रॉलच पोहावे लागते का? मला बेडकासारखे पोहणे सोपे जाते.

नियमाने सक्ती नाही. कोणत्याही पद्धतीने पोहता येते, उताणे पडून तरंगता येते, बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) किंवा बचाव नावेला धरून विसावाही घेता येतो, मात्र तिच्या आधाराने पुढे सरकता येत नाही. तरीही क्रॉल, म्हणजे आपण ज्याला फ्रीस्टाइल म्हणतो, तीच शिकावी असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये, म्हणजे बेडकासारख्या पोहण्यात, गती मुख्यतः पायांच्या लाथेतून मिळते, आणि याच पायांनी नंतर ९० किलोमीटर पॅडल मारायचे असतात. शिवाय गर्दीत ती लाथ मागच्याच्या तोंडावर बसते. ब्रेस्टस्ट्रोक हाताशी असावा तो दिशा पाहण्यासाठी आणि श्वास ताळ्यावर आणण्यासाठी.

मी दहा किलोमीटर न थांबता धावतो, पण पन्नास मीटर पोहलो की धाप लागते. असे का होते?

सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर तंदुरुस्तीत नाही, तर श्वास सोडण्यात आहे.

धावताना श्वास आपोआप चालतो. त्याच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही. पाण्यात तोंड घातल्याबरोबर माणूस नकळत श्वास रोखून धरतो. छातीत हवा कोंडलेली राहते आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. श्वास घेण्याची जी तीव्र तगमग आपल्याला जाणवते, ती मुख्यतः या वायूच्या वाढीमुळे असते, प्राणवायू संपल्यामुळे नव्हे. मग मान वळवल्यावर मिळणाऱ्या अर्ध्या-पाऊण सेकंदात त्या माणसाला आधी कोंडलेली हवा सोडायची असते आणि नंतर नवी घ्यायची असते. दोन्ही कामे होत नाहीत. अर्धवट सोडलेल्या श्वासावर अर्धवट घेतलेला श्वास चढत जातो आणि पन्नास मीटरवर माणूस काठ धरून उभा राहतो. त्याला वाटते की आपल्याला हवा कमी पडली, पण प्रत्यक्षात त्याची छाती हवेने भरलेली असते.

उपाय सांगायला सोपा आहे : तोंड पाण्यात असेपर्यंत श्वास सतत, सावकाश सोडत राहावा. ओंकाराच्या शेवटचा 'म्' जसा लांबवतो, तसा हुंकार पाण्याखाली नाकावाटे चालू ठेवावा. तोंड बाहेर येण्याच्या क्षणी उरलेली हवा फुंकून टाकावी आणि तोंडाने श्वास घ्यावा. ज्यांनी देवळात भजन म्हटले आहे किंवा गाणे शिकले आहे, त्यांना हे पटकन साधते, कारण दोन ओळींच्या मधल्या फटीत चोरटा श्वास घेऊन तो लांबवर पुरवण्याची कला त्यांना आधीच अवगत असते.

सराव छातीएवढ्या पाण्यात काठ धरून सुरू करावा. तोंड पाण्यात घालून हुंकारत बुडबुडे सोडावेत, डोके न उचलता फक्त बाजूला वळवून श्वास घ्यावा, पुन्हा तोंड पाण्यात घालावे. असे वीस श्वास एका लयीत झाले पाहिजेत. कंटाळवाणे आहे हे मान्य आहे. परंतु माझ्या पाहण्यात ज्यांनी हा सराव दोन आठवडे मन लावून केला, त्यांची ५० मीटरची भिंत पुढच्या महिन्याभरात मोडली. ज्यांनी तो टाळला, ते वर्षानंतरही काठ धरून उभे असलेले दिसले.

दुसरे कारण वेग हे आहे. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असते आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट करायचा तर विरोध चौपट होतो. धावपटू सवयीने जोर लावतो आणि पाणी त्या जोराची परतफेड थकव्याने करते. पहिल्या शंभर मीटरमध्ये 'हे फारच हळू चालले आहे' असे वाटले, तर वेग बरोबर आहे असे समजावे.

माझे पाय खाली जातात. काय चुकते?

पाय हे लक्षण आहे; चूक बहुतेकदा डोक्यात असते. आपली फुप्फुसे हवेने भरलेली असल्यामुळे छाती तरंगते, तर मांड्या आणि नितंब जड असल्यामुळे खाली जाऊ पाहतात. शरीर हा असा तराजू आहे. एका टोकाला चार-पाच किलोचे डोके पाण्याबाहेर उचलले की दुसरे टोक लगेच बुडते आणि मग माणूस पाण्यातून आडवा जाण्याऐवजी तिरका, जणू चढ चढत जातो. समोर पाहण्याचा मोह सोडून नजर तलावाच्या तळाकडे, फार तर किंचित पुढे ठेवावी. मान ताठ नको. छातीवर थोडा भार टाकल्यासारखे करावे, म्हणजे कंबर वर येते.

श्वास घेतानाही डोके उचलायचे नसते. ते शरीराबरोबर बाजूला वळते आणि चष्म्याची एक काच पाण्यात, दुसरी बाहेर अशी स्थिती येते. वेगाने पुढे जाणाऱ्या डोक्याच्या बाजूला पाण्याची पातळी किंचित खाली जाऊन एक खोलगट जागा तयार होते. श्वास त्या खोलगटीतून घ्यायचा. पाणी तोंडात जाईल या भीतीने डोके जितके वर उचलावे, तितके ते पाणी तोंडात जाण्याची शक्यता वाढते, ही यातील गंमत.

समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे तेथे शरीर थोडे अधिक वर राहते. तलावात हताश झालेल्या अनेकांना समुद्रात आपले पाय आपोआप वर आलेले पाहून आश्चर्य वाटते. मात्र पावसाळ्यानंतरच्या आठवड्यांत मांडवीच्या मुखाशी नदीचे गोडे पाणी मिसळलेले असते, तेव्हा या देणगीवर फार विसंबू नये.

पाय किती जोरात मारावेत?

कमी. पायांचे काम शरीर आडवे आणि समतोल ठेवण्याचे आहे. लांब अंतरात गतीचा मोठा वाटा हातांचा असतो. लाथ गुडघ्यातून नव्हे, तर मांडीच्या मुळापासून निघावी आणि घोटा सैल असावा. धावपटू आणि सायकलपटू यांचे घोटे ताठ असतात, म्हणून त्यांचे पाय पाण्यात पंख्यासारखे न हलता लगाम ओढल्यासारखे काम करतात. काहींना तर फळी धरून नुसते पाय मारल्यावर मागे जाताना मी पाहिले आहे. रोज दोन मिनिटे वज्रासनात बसल्याने फरक पडतो. गुडघ्याचे दुखणे असेल तर तेवढे टाळावे. पोटरीत गोळा आला, तर उताणे होऊन पायाची बोटे स्वतःकडे ओढावीत आणि मग हळूहळू पुढे निघावे.

हात कसा टाकावा आणि कसा ओढावा?

हात खांद्याच्या सरळ रेषेत पुढे पाण्यात शिरावा. तो डोक्यासमोर दुसऱ्या बाजूला ओलांडून गेला, तर शरीर सापासारखे वळवळते. बोटांची टोके आधी, मग मनगट, मग कोपर असा क्रम असावा. त्यानंतर हात पूर्ण लांबवावा आणि येथे क्षणभर घाई आवरावी.

ओढण्याची सुरुवात हा या पद्धतीचा गाभा आहे. नवशिका ताठ हाताने पाणी खाली दाबतो. त्यामुळे तो वर उचलला जातो, पुढे जात नाही, आणि काही महिन्यांत खांदा दुखू लागतो. होडीचे वल्हे आठवावे : पाते पाण्यात उभे असते, म्हणून पाणी मागे जाते आणि होडी पुढे. आपले पाते म्हणजे नुसता तळवा नव्हे, तर बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंतचा सगळा भाग. कोपर वर आणि पुढे ठेवून हे पाते खाली उभे करायचे, जणू मोठ्या पिंपावरून हात टाकून त्याला कवेत घेत आहोत, आणि मग ते मांडीपर्यंत मागे न्यायचे. बोटे घट्ट मिटण्याची गरज नाही. किंचित फट असली तरी चालते.

मुठी वळून पोहण्याचा सराव यासाठी उत्तम आहे. तळवा नाहीसा झाला की मनगटापासून कोपरापर्यंतचा हात वापरणे भाग पडते. २५ मीटर मुठी वळून आणि लगेच २५ मीटर उघड्या हाताने पोहल्यास पाणी अचानक 'हाताला लागते', असे बहुतेकांना जाणवते. याबरोबरच शरीर प्रत्येक हातागणिक थोडे कुशीवर वळले पाहिजे. सपाट पडून पोहणाऱ्याला श्वासासाठी मान पिळावी लागते, कुशीवर वळणाऱ्याला ती लागत नाही.

श्वास एकाच बाजूने घ्यावा की दोन्ही बाजूंनी?

शिकताना दोन्ही बाजूंनी घ्यावा, म्हणजे दर तीन हातांना एक; त्यामुळे वळण दोन्हीकडे सारखे येते. शर्यतीत मात्र ज्या बाजूने सोपे जाते, त्या बाजूने दर दोन हातांना घ्यावा. उजवीकडून लाट येत असेल तर डावीकडे आणि सूर्य डोळ्यांत येत असेल तर दुसरीकडे वळता यावे, एवढीच दोन्ही बाजूंची गरज आहे.

आठवड्यातून किती वेळा आणि कोठे सराव करावा?

तीन वेळा, प्रत्येक वेळी पाऊण तास. रविवारी एकदाच दोन तास पोहण्याने फारसे काही हाती लागत नाही, कारण पाण्याची जाण चार दिवसांच्या खंडानेही पुसट होते. पणजीतील कांपाल, मडगावजवळील फातोर्डा आणि म्हापशातील पेडे येथील जलतरण तलाव सर्वांच्या परिचयाचे आहेत. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतील जलतरण कांपाललाच झाले. सकाळच्या वेळा लवकर भरतात, त्यामुळे महिन्याची नोंदणी आधीच करावी.

एका सत्राचा नमुना असा : २०० मीटर अगदी सावकाश, मग आठ वेळा २५ मीटर केवळ तंत्राचे सराव, मग सहा वेळा १०० मीटर एकाच वेगाने, प्रत्येकानंतर वीस सेकंद विश्रांती, आणि शेवटी १०० मीटर उताणे. एकूण १,१०० मीटर होतात. १०० मीटरच्या सहाही फेऱ्यांची वेळ जवळजवळ सारखी आली पाहिजे. पहिली सर्वांत जलद आणि शेवटची सर्वांत संथ येत असेल, तर आपण रोज पहिल्या फेरीतच शर्यत हरत आहोत.

आपला खरा टिकाऊ वेग काढण्यासाठी एक साधा हिशेब आहे. एकदा ४०० मीटर आणि पुरेशा विश्रांतीनंतर २०० मीटर पूर्ण ताकदीने पोहून वेळ नोंदवावी. दोन्हींतील फरक काढून त्याचे निम्मे करावे. समजा, ४०० मीटरला १० मिनिटे आणि २०० मीटरला ४ मिनिटे ४० सेकंद लागले. फरक ५ मिनिटे २० सेकंद, म्हणजे टिकाऊ वेग दर १०० मीटरना २ मिनिटे ४० सेकंद. दर सहा आठवड्यांनी ही चाचणी पुन्हा करावी.

पुल बॉय, पॅडल अशा साहित्याचा उपयोग होतो का?

चष्मा चांगला घ्यावा, टोपी घ्यावी, समुद्रासाठी कंबरेला बांधायचा भडक रंगाचा फुगा घ्यावा. मांड्यांमध्ये धरायचा तरंगता ठोकळा, म्हणजे पुल बॉय, उपयोगी आहे, पण तो पाय आपोआप वर ठेवतो, म्हणून त्याची चटक लागते. तळव्यांना बांधायची पॅडल पहिल्या वर्षी नकोतच. चुकीच्या हाताला ती फक्त अधिक जोराने चुकीचे करायला लावतात आणि खांदा त्याची किंमत मोजतो.

समुद्रात सराव कधी सुरू करावा आणि कोणती वेळ निवडावी?

तलावात न थांबता ८०० मीटर शांतपणे पोहता येऊ लागल्यावर, आणि जून ते सप्टेंबर हे चार महिने सोडून. पावसाळ्यात गोव्याचा समुद्र पोहण्यासाठी नसतो, ही गोष्ट येथे जन्मलेल्याला सांगावी लागत नाही, तरी शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असली की सप्टेंबरमध्येच पाण्यात उतरण्याची घाई करणारे दर वर्षी भेटतात. पाऊस थांबला तरी लाटांचा फुगवटा आणि सरकलेली वाळू पूर्वस्थितीला यायला वेळ लागतो. ते चार महिने तलावासाठी आहेत.

दिवसातील वेळ सकाळचीच. दुपारकडे जमीन तापते, पश्चिमेकडून खारा वारा सुटतो आणि पाणी खडबडीत होते. सकाळी तेच पाणी तेलासारखे असते. जीवरक्षक कामावर असतील अशीच वेळ धरावी, लाल बावटा लावलेल्या ठिकाणी उतरू नये आणि कधीही एकट्याने पोहू नये.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी, आणि मिरामार-करंझाळे पट्ट्यात तर ती विशेष महत्त्वाची आहे, कारण येथे समुद्राला मांडवी येऊन मिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आपल्याकडे पाण्याच्या पातळीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो. एवढे पाणी सहा तासांत नदीत शिरते आणि पुढच्या सहा तासांत बाहेर पडते, त्यामुळे मुखाजवळ ओढ निर्माण होते. नवशिक्याचा वेग ताशी सव्वादोन किलोमीटर, म्हणजे चालण्याच्या निम्माच असतो. ताशी दोन किलोमीटरच्या प्रवाहाविरुद्ध तो जवळजवळ जागच्या जागी हात मारत राहील, आणि ओहोटीबरोबर बाहेर निघाला तर परतणे त्याच्या हातात राहणार नाही. म्हणून सुरुवातीचे सराव अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीच्या, म्हणजे पाण्याच्या पातळीत कमी फरक पडणाऱ्या दिवसांत, शक्यतो पाणी भरत असताना किंवा भरून थबकले असताना करावेत. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. वेळापत्रक पाहावे किंवा किनाऱ्यावरच्या रापणकाराला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे (रापण) ओढणाऱ्या मच्छीमाराला, विचारावे. त्याला विचारण्याचा आणखी एक फायदा असा की, त्या दिवशी रापण कोठे टाकली आहे, तेही कळते. जाळ्यात अडकलेला पोहणारा आणि फाटलेले जाळे या दोन्हींमुळे कोणाचेच भले होत नाही.

किनाऱ्याला समांतरच पोहावे, ठाव लागेल तेथून फार दूर न जाता. लाटांच्या रांगेत एखाद्या जागी लाट फुटत नाही, पाणी गढूळ आणि बाहेर धावणारे दिसते, ती ओढीची जागा होय. ओहोटीला ती अधिक जोर धरते. तीत सापडल्यास किनाऱ्याकडे झगडू नये. हात वर करून मदत मागावी, तरंगत राहावे, जमल्यास किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे आणि ओढ संपल्यावर मग आत वळावे.

नदीत सराव करावा का, असेही विचारले जाते. मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी असतात, फेरीबोटी आणि बार्जेस यांची ये-जा असते, आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. उत्तर नाही असे आहे.

जेलीफिश चावली तर?

त्वचेला चिकटलेले तंतू उघड्या हाताने ओढू नयेत, वाळूने किंवा टॉवेलने घासू नये आणि गोडे पाणी ओतू नये. समुद्राच्या पाण्याने धुवावे, तंतू चिमट्याने काढावेत आणि ताबडतोब जीवरक्षकाकडे जावे. सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटे ठेवल्याने वेदना कमी होते. श्वास लागणे, छातीत दुखणे, ओठ सुजणे यांपैकी काही झाल्यास थेट रुग्णालयात जावे. पावसाळा आणि त्यानंतरच्या काही दिवसांत हा त्रास अधिक असतो; अंगभर घट्ट कपडे घालून पोहल्यास बराचसा टळतो.

समुद्रात तळाला रेषा नसते. सरळ कसे पोहावे?

कोणीही आपोआप सरळ पोहत नाही. प्रत्येकाचा एक हात जास्त ओढतो. माझ्या पहिल्या समुद्री सरावात मी वीस मिनिटे मोठ्या समाधानाने पोहून डोके वर काढले, तेव्हा मी निघालो होतो त्याच माडांसमोर होतो. म्हणून दर आठ-दहा हातांनी एकदा पाहावे. पूर्ण डोके न उचलता, मगरीप्रमाणे फक्त डोळे पाण्याबाहेर काढून समोर पाहायचे आणि लगेच बाजूला वळून श्वास घ्यायचा. पाहणे आणि श्वास या दोन वेगळ्या क्रिया आहेत. समोर पाहतानाच श्वास घेणारा लाट गिळतो.

बोया लाटांमागे लपतो, म्हणून निघण्यापूर्वीच त्याच्या मागच्या बाजूला एखादी उंच, न हलणारी खूण निवडावी. किनाऱ्याकडे परतताना इमारत किंवा माडांचा ठळक झुपका चालतो. पाण्याकडे जाताना नांगरलेले जहाज खूण म्हणून धरू नये, कारण नांगरलेले जहाजही प्रवाहाबरोबर वळते.

शर्यतीच्या सुरुवातीला घाबरायला झाले तर काय करावे?

होईलच, असे धरून चालावे. आजूबाजूला हातपाय, गढूळ पाणी, वाढलेले ठोके, आणि त्यात सुरुवातीचा आवेश. एका शर्यतीत मी पहिल्या दोनशे मीटरमध्ये इतका जोर लावला की, नंतर बचावाच्या कयाकला (छोट्या होडीला) धरून दोन मिनिटे लटकावे लागले. कयाकवरच्या मुलाने मला फक्त एवढेच सांगितले की, 'काका, आधी श्वास सोडा.' त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते.

हल्ली बऱ्याच शर्यतींत थोड्या-थोड्या जणांना पाण्यात सोडले जाते. आपल्या खऱ्या वेगाच्या गटात, तेही कडेला उभे राहावे. छाती आवळल्यासारखी वाटली तर उताणे व्हावे, दहा श्वास मोजावेत, मग ब्रेस्टस्ट्रोकने निघावे आणि लय आल्यावर क्रॉल धरावा. एखाद्याच्या पायांमागे राहून पोहण्यास नियमाची आडकाठी नाही आणि त्यामुळे बरीच शक्ती वाचते, फक्त पुढचा सरळ पोहतो आहे की नाही, हे स्वतः तपासत राहावे.

भीतीची धाप आणि आजाराची धाप यांत मात्र फरक आहे. विश्रांती घेऊनही श्वास सुधारत नसेल, खोकला येऊन फेसाळ किंवा लालसर कफ पडत असेल, छातीत दुखत असेल, तर तत्काळ हात वर करून बाहेर पडावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी तयारी सुरू करण्यापूर्वीच हृदयाची तपासणी करून घ्यावी.

वेटसूट (पाण्यात ऊब देणारा घट्ट रबरी पोशाख) घ्यावा का?

गोव्यासाठी नको. येथील समुद्राचे पाणी २८ अंशांच्या आसपास असते आणि आयर्नमॅनच्या नियमांत वेटसूटची सर्वसाधारण मर्यादा २४.५ अंशांची आहे. ते पैसे तलावाच्या शुल्काला वापरावेत. काखेत, मानेवर आणि कपड्यांच्या शिवणीखाली व्हॅसलीन लावावे. खाऱ्या पाण्यात कातडी सोलवटते आणि त्याची आठवण पुढचे ९० किलोमीटर राहते.

पाण्यातून बाहेर येताच चक्कर येते. काय करावे?

बराच वेळ आडवे राहिल्यानंतर अचानक उभे राहिल्यामुळे असे होते. शेवटच्या शंभर मीटरमध्ये पाय थोडे अधिक मारावेत, म्हणजे रक्त खाली खेळू लागते. ठाव लागला म्हणून लगेच उभे राहू नये. हात वाळूला टेकेपर्यंत पोहत यावे, मग उठून पहिली पावले चालत टाकावीत. तोंडात खारट पाणी असते, म्हणून सायकलपाशी आधी साध्या पाण्याची चूळ भरून मगच गोड पेय घ्यावे, नाहीतर उलटी ठरलेली.

आदल्या दिवशी पोहावे का?

पंधरा मिनिटे, शर्यतीच्याच वेळेला आणि शर्यतीच्याच जागी. त्या दिवशीची भरती शर्यतीच्या दिवसापेक्षा पन्नास मिनिटे आधीची असेल, हे लक्षात ठेवून ओढ कोणत्या दिशेला आहे, ते पाहावे. खुणेची इमारत ठरवावी, चष्म्याचा पट्टा तपासावा आणि पाण्यात उतरण्याच्या जागेपासून कंबरेएवढ्या पाण्यापर्यंत किती पावले आहेत, ती मोजून ठेवावीत. मिरामारला ओहोटीच्या वेळी ती अपेक्षेपेक्षा बरीच जास्त निघतात.